पायाळू तारामतीची कंबर

तारामतीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पोत्यावर पालथा पडलो होतो, त्यामुळे आधी दिसले ते तिचे पाय.

जानेवारी २००७. लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत बदलून येऊन मला सहा महिने झाले होते. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी लेझमांची पेटी उचलताना कंबरेत उसण भरली आणि मी होतो तिथेच वाकडा झालो. शाळेचे कारकून वैजनाथ दुसऱ्या दिवशी उजाडताच माझ्या दारात आले.

"सर, दवाखाना ऱ्हाऊ द्या. पायाळूबाईकडं चला. झेंड्याला सरळ उभे ऱ्हाताल."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याने कंबरेला पाय लावला की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. मी विज्ञान शिकवणारा माणूस. पण वेदनेत माणूस फार वाद घालत नाही. वैजनाथांच्या खांद्यावर हात टाकून गेलो आणि एका घराच्या अंगणात पालथा पडलो. दोन पाय जवळ आले. नुकतेच धुतलेले, टाचांना भेगा, बोटांत जोडवी.

"श्वास सोडा, गुर्जी," वरून आवाज आला.

लाथ म्हणतात तसं काही नव्हतं. भाकरी भाजली का हे पाहायला कड दाबावी, इतक्या हलकेपणाने तिने उजवा पाय माझ्या कंबरेला तीनदा लावला. मी कसाबसा उठून बसलो, तोच ती वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले.

"पडू द्या गुर्जी," ओसरीवरून तिची सासू धोंडाबाई म्हणाली. "थोरामोठ्याला पाय लावलाय तिनं. नमस्कार केल्याबिगर दोष जात न्हाई."

त्या दिवशी मी झेंड्याला जवळजवळ सरळ उभा राहिलो. उसण बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपोआप उतरते, हे मी पुढे वर्गात सांगतही असे. तारामतीला मात्र मी ते कधी सांगितलं नाही.

तिचं माहेर किनवटकडचं, इस्लापूरजवळचं. तिला मुरुडला दिलं. सून पायाळू असल्याचं धोंडाबाईला लग्नानंतरच कळलं. पायाळू माणसावर वीज पडते असाही एक समज आहे. पहिल्या दोन पावसाळ्यांत आभाळ गडगडलं की धोंडाबाई तिला घराबाहेरच्या कडब्याच्या खोपीत बसवायची. पडलीच वीज तर घरावर नको. मग शेजारच्या एकाची उसण तिच्या पायाने गेली, ते गावभर झालं, आणि खोपीत बसवणं बंद झालं.

लोक सकाळी यायचे, तिची आंघोळ होण्याआधी. ती कुणाकडून काही घेत नसे. नारळसुद्धा नाही. घेतलं की गुण जातो, हा नियम. तीन जावांच्या घरात ती मधली. नवरा लातूरच्या डाळमिलात, आठवड्याने घरी यायचा. तिला नावाने हाक मारणारं फारसं कुणी नव्हतं. पण रस्त्यावरून परका माणूस विचारायचा, "पायाळूबाई हायत का घरी?" तेव्हा धोंडाबाई स्वतः उठून पोतं अंथरायची. दिवसातला तेवढा एक तास तारामतीला कुणी काम सांगत नसे. तिच्याकडे तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

२०१२ साली ती आमच्या शाळेत पोषण आहार शिजवायला लागली. दोनशे मुलांची खिचडी, दोन मोठी पातेली. मी तिला रोज पाहू लागलो. नीटनेटकी बाई. कमी बोलायची, पण जे बोलायची ते लक्षात राहायचं. एकदा मुख्याध्यापकांनी खिचडी पातळ का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तांदूळ आला तेवढाच हाय सर. पोरं मातर वाढायलीत."

पुढे चार वर्षांनी मला काही गोष्टी दिसू लागल्या. ती पातेलं उतरवण्याआधी क्षणभर भिंतीला हात लावून उभी राहायची. खाली पडलेला डाव पायाच्या बोटांनी उचलायची. लुगड्याच्या आत जुन्या धोतराचा पट्टा करकचून बांधलेला असायचा. चाळिशीतली बाई खुर्चीवरून उठताना आधी हातांनी मांड्या दाबते, हे शिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. मांडीखाली पुस्तक लपवणारं पोर आम्हाला दुरून कळतं.

मी विचारलं. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"दोन वर्षं झाली, गुर्जी. सकाळी उठताना कंबरेत लाकूड घातल्यावानी वाटतंय. कुणाला बोलू नका. पायाळूची कंबर दुखायली म्हणल्यावर लोक हसतील. मग कोण यील दारात?"

"डॉक्टरला दाखवा."

"मेडिकलमधून गोळी आणते की. उतरतं तेवढ्यापुरतं."

मी कुणाला बोललो नाही. तिने विश्वासाने सांगितलं होतं, म्हणून. आज वाटतं, त्या वेळी मी निदान तिच्या नवऱ्याशी बोलायला हवं होतं. एखाद्या मुलाला फळ्यावरचं दिसत नाही हे कळूनही त्याला मागच्या बाकावर बसू द्यावं, तसं मी केलं.

२०१८ च्या दिवाळीला ती माहेरी गेली. स्वतःच्या कंबरेला स्वतःचा पाय लागत नाही. मुरुडात दुसरं कुणी पायाळू नव्हतं, आणि असतं तरी ती गेली नसती. माहेरच्या बाजूला एक म्हातारा पायाळू होता. तिथे तिला ओळखणारं गिऱ्हाईक कुणी नव्हतं. त्याने तिची हकीकत ऐकली आणि सांगितलं, "तूबी पायाळूच. पायाळूला साधा पाय लागू पडत न्हाई. जोर लावावा लागतो." त्याने पूर्ण वजनानिशी टाच मारली.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. दुसरा कुणी हलकेच पाय लावून घेऊन घरी आला असता. ती पायाळू होती, म्हणून तिला टाच बसली.

कंबरेपासून उजव्या अंगठ्यापर्यंत काहीतरी जळत गेलं, असं तिने मला नंतर सांगितलं. "गुर्जी, लहानपणापासून मला विजेची भीती घातली. ती अशी आतून पडंल हे कुणी सांगितलं न्हवतं."

नांदेडहून लातूरपर्यंत ती एसटीत उभी राहून आली, कारण बसता येत नव्हतं. घरी काहीच सांगितलं नाही. सासूला सांगायचं तर दुसऱ्या पायाळूकडे गेल्याचं सांगावं लागलं असतं. ती आधीसारखी कामाला येत राहिली, फक्त उजवं पाऊल जमिनीवर थोडं आपटू लागलं. मुलं तिच्या मागे तसं चालून हसायची. मी दोघांना रागावलो. तीच म्हणाली, "असू द्या गुर्जी, लेकरं हायत. बरुबर चालून दाखवायलीत."

हे उघडं पडलं ते फेब्रुवारीत. गावातले मलप्पा, सत्तरी ओलांडलेले, सगळे ज्यांना अप्पा म्हणायचे, ते उसण घेऊन आले. अंगणात आणखी तिघे-चौघे थांबलेले होते. त्यात वैजनाथही होते, म्हणून मला हे नीट माहीत आहे.

तारामतीने पाय लावला. पाऊल ओल्या फडक्यासारखं अप्पांच्या पाठीवर पडलं. तिने पुन्हा उचललं, पुन्हा तसंच. तीनदा झालं. अप्पा उठून बसले आणि नमस्काराची वाट पाहू लागले. ती वाकायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. खालीही जाता येईना, वरही येता येईना.

"वाक की गं," धोंडाबाई म्हणाली. "अप्पाला पाय लावलाय तू."

"वाकायलेच की, आत्या."

ती वाकू शकली नाही. ओट्याच्या कडेला दोन्ही हात टेकून तशीच उभी राहिली. शेवटी अप्पांनीच हात वर केला.

"ऱ्हाऊ दे लेकी. तुझाच पाय मेलाय. मला काय गुण देशील तू?"

ते कळवळून म्हणाले, असं वैजनाथ सांगतात. थांबलेले लोक मात्र एकेक करून उठले. पुढच्या आठवड्यात दोघे आले, त्याच्या पुढच्या आठवड्यात कुणी नाही.

लोकांनी कारणही शोधलं. गुण जातो तो काही घेतल्यावर. म्हणजे तिने चोरून काहीतरी घेतलं असणार. पाणवठ्यावर बायका बोलू लागल्या. धोंडाबाईने तर तोंडावर विचारलं, "काय घेतलंस गं? साडी का पैसे?" बारा वर्षांत मी तिला कुणाचा नारळ घेताना पाहिलं नव्हतं. मी दोन-चार जणांना तसं सांगितलं. ते ऐकून घ्यायचे, "हाव गुर्जी," म्हणायचे, आणि काही बदलायचं नाही.

मग मी तिला आणि तिच्या मुलीला, समीक्षाला, लातूरला घेऊन गेलो. एमआरआय झाला. मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांपूर्वी यायला हवं होतं. आता ऑपरेशन केलं तरी पायाची शक्ती परत येईल याची खात्री नाही. नवऱ्याने खूप विचार केला आणि नको म्हटलं. तिलाही नकोच होतं.

व्यायाम शिकवायला आलिया नावाची तरुण मुलगी होती. लातूरच्या गंजगोलाईत तिच्या घरच्यांचं तीन पिढ्यांचं दुकान, पण हिने हे शिक्षण घेतलं. तिने कुशीवर वळून कसं उठायचं, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन कसं निजायचं, हे स्वतः पलंगावर झोपून दाखवलं.

"किती दिस करायचं बाई हे?" तारामतीने विचारलं.

"रोज, मावशी."

"म्हंजे बरं होईपत्तुर?"

आलिया पलंगावर उठून बसली. "भाकरी रोज थापता ना? काल थापली म्हणून आज चालतं का? तसंच समजा."

"म्हंजे संपणार न्हाई."

"दुखणं कमी होईल. संपेल असं मी खोटं नाही सांगणार."

परतताना एसटीत ती खिडकीबाहेर पाहत बसली होती. मुरुड आलं तेव्हा एवढंच म्हणाली, "पोरगी खरं बोलली."

शाळेचं काम त्याच जूनमध्ये सुटलं. पातेली उचलायला दुसरी बाई आली. घरात समीक्षाने विटांचा ओटा उंच करून घेतला, आता तारामती उभ्यानेच भाकरी करते. सणावाराला, हळदीकुंकवाला सगळ्या बायका खाली सतरंजीवर बसतात आणि ही एकटी प्लॅस्टिकच्या खुर्चीत. थोरल्या जावेने एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "आमच्या बाईसाहेब वरच बसतात बरं का." त्यानंतर तिने जाणंच कमी केलं. थंडीत दुखणं वाढतं, पावसाळी हवेत वाढतं, आणि कधी कधी कशानेच वाढतं. अशा दिवशी ती गरम पाण्याची पिशवी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडते. व्यायाम मात्र तिने एक दिवसही चुकवला नाही. समीक्षाने सांगितलं, धोंडाबाई वारली त्या दिवशीसुद्धा तिने पहाटे उठून केला आणि मग रडायला बसली.

मी २०२१ ला निवृत्त झालो. महिन्यातून एकदा तिच्याकडे चहाला जातो. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा माहूरहून देवदर्शन करून परतणारं एक जोडपं दारात उभं होतं. गाडीत बसून बसून माणसाची कंबर धरली होती. कुणीतरी जुना पत्ता दिला असावा.

"पायाळूबाई इथंच ऱ्हातात का?" त्याने विचारलं.

कितीतरी वर्षांनी तो शब्द त्या दारात आला होता. तारामतीने हातातला कप खाली ठेवला. मी तिच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं. डावा पाय तिचा अजून धड आहे. तिने त्या माणसासाठी पोतं अंथरलं असतं तर मी काही बोललो नसतो.

"कळ पायात उतरती का?" तिने विचारलं.

"न्हाई. कंबरेतच हाय."

"मग दोन दिस शेका, वजन उचलू नका, चालत ऱ्हावा. पायात उतरली, नाहीतर बोटं बधिर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडं. दुसरा दिवस करू नका. आन कुणाची टाच मारून घेऊ नका."

माणूस घुटमळला. "नुसता पाय लावा की, मावशी. एवढ्या लांबून आलो."

"न्हाई लावत मी आता."

त्याच्या बायकोने त्याला बाहीला धरून नेलं. "चला, दुसरीकडं कोण हाय बघू," असं ती फाटकाबाहेर बोलताना आम्हा दोघांनाही ऐकू आलं.

"पाय लावला असता तर ऐकलं असतं त्यानं," तारामती म्हणाली, आणि निवलेला चहा परत गरम करायला, कंबरेवर हात ठेवून, हळूहळू उठली.

ती आता एक्कावन्न वर्षांची आहे. रोज सकाळी सहाला अंगणात पंचवीस फेऱ्या घालते. उजवी चप्पल पायातून कधी निसटते ते तिला कळत नाही, म्हणून समीक्षाने त्या चपलेला मागून इलॅस्टिकची पट्टी शिवून दिली आहे.