भावाचा शेवटचा रिव्ह्यू

ग्रुपवरच्या मित्रांनो, आपल्या गेमबद्दल इथे सगळ्यात लांबलचक मतं लिहिणारा 'मशाल' हा माझा मोठा भाऊ. दोन महिन्यांपूर्वी तो अपघातात गेला.

आज दुपारी शहाद्याच्या घरी मी मोबाईलवर त्याचे जुने रिव्ह्यू बघत होतो. वहिनी शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, त्यासनी काय लिखेल शे? वाची दखाडा."

मी त्याचा शेवटचा रिव्ह्यू वाचून दाखवला. त्यावरून आपण सगळ्यांनी त्याची थट्टा केली होती, मीसुद्धा. त्याने लिहिलं होतं, "राक्षस, तलवारी ठीक आहेत. मला ते तळ्याकाठचं गाव आवडतं. तिथे कोणी काही मागत नाही. मी तासन्‌तास गळ टाकून बसतो."

वहिनी म्हणाल्या, "मले त सांगेत, 'लढाई चालू शे, बलावू नको.'"

आणि उठून कपडे वाळत घालायला गेल्या. मला रडू आलं नाही. काहीच वाटलं नाही. मी तोच रिव्ह्यू पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

तुमच्यापैकी कोणी कधी गेममध्ये त्या तळ्याकाठी त्याच्यासोबत बसलं होतं का? तो काय बोलायचा? मला वहिनींना सांगायचंय.