सकाळी सातचं हळदीकुंकू

आमची वहिनी रात्रीचं जेवण सकाळी जेवायची. दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दादा ब्रेडला लोणी लावत असायचा, मी चहात बिस्किट बुडवत असायचो आणि वहिनी समोर बसून वरणभात कालवत असायची. मग 'गुड नाइट' म्हणून खोलीत जायची, तेव्हा खाली भाजीवाला ओरडायला लागलेला असायचा.

नोएडातल्या एका कंपनीत ती रात्रपाळीची टीम लीडर होती. अमेरिकेतल्या विमेवाल्यांच्या तक्रारी निस्तरायच्या. दिवसपाळी देऊ केली तर नको म्हणाली. "रात्री मला कोणी 'चहा टाक' म्हणत नाही, भाऊजी," असं तिचं कारण. "आणि तिथे मी बोलले की टीम ऐकते. इथे कुकरसुद्धा ऐकत नाही."

त्या वर्षी माझी नोकरी गेली होती आणि मी 'थोडे दिवस' दादाकडे राहायला आलो होतो. म्हणजे घरात दिवसा झोपणारे आम्ही दोघं. माझ्याबद्दल शेजारी म्हणायचे, बिचारा टेन्शनमध्ये आहे. तिच्याबद्दल म्हणायचे, बाई दिवसाढवळ्या लोळते.

संक्रांतीनंतर कॉलनीतल्या मराठी घरांत हळदीकुंकवं सुरू व्हायची, ती ऐन संध्याकाळी, वहिनीची कॅब दाराशी यायच्या वेळेला. ही कधी जाऊ शकायची नाही. त्या वर्षी बोलावणीच आली नाहीत. हे पुण्याहून आलेल्या आमच्या आईला फार लागलं.

"आता पुरे झालं," आई म्हणाली. "सोड ती नोकरी."

वहिनीने शांतपणे भातावर तूप घेतलं. "नोकरी नाही सोडायची. हळदीकुंकूही नाही सोडायचं. आपण करू, माझ्या संध्याकाळी. सकाळी सातला."

"सातला कोण तडमडणार आहे?"

"कोणी आलं नाही, तर सोडते नोकरी."

दादाचा ब्रेड हातातच राहिला.

कॉलनीच्या ग्रुपवर आमंत्रण गेलं. उत्तरं आली: 'यार, स्कूल बस असते', 'डबे असतात गं', 'बघते हं'. त्या दिवशी धुक्यात समोरचं गेट दिसत नव्हतं. आई रेशमी साडी नेसून, शाल घेऊन बसली. गुलाबपाणी शिंपडायला दारात मला उभं केलं होतं, माकडटोपीसकट. त्यामुळेही कोणी आत आलं नसेल. सात वाजून गेले. आईने कुंकवाच्या करंड्याला झाकण लावलं.

मग कॅब आली. वहिनी उतरली. तिच्या मागून तिच्या टीममधल्या मुली उतरत राहिल्या, गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं, डोळे तांबारलेले. कोणी बिहारची, कोणी मणिपूरची, बहुतेक मुनिरकात खोली घेऊन राहणाऱ्या. "नमस्ते आंटीजी, मॅम ने बोला त्योहार है."

आई वहिनीला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्या धरायच्या नाहीत. ह्या तुझ्याच."

"कोणी आलं तर, एवढंच ठरलं होतं. कुठून यायचं ते नव्हतं ठरलं."

आईने ओठ आवळून कुंकू लावायला घेतलं. एका मुलीने तिळाच्या लाडवाचा घास घेतला आणि सोफ्यावर बसल्या बसल्या झोपून गेली, अर्धा लाडू हातात धरून. आई तिच्याकडे बघत राहिली. मग तो लाडू तिच्या बोटांतून अलगद सोडवला आणि स्वतःची शाल तिच्या अंगावर घातली.

एवढ्यात, आईकडून पैज कळलेल्या वरच्या मजल्यावरच्या काकू मुलाला बसमध्ये बसवून आल्या. दारातूनच मोठ्याने म्हणाल्या, "काय मग, सूनबाई सोडतेय ना नोकरी?"

"हळू बोला," आई म्हणाली. "पोरी रात्रभर काम करून आल्यात."

मग स्वयंपाकघरात जाऊन तिने सगळ्यांसाठी भात लावला.

पुढच्या वर्षी दादाची पुण्याला बदली झाली. वहिनीच्या कंपनीचं तिथेही ऑफिस होतं, तिथेही रात्रपाळीच. आईही मदतीला आली होती. सामान बांधताना दादा सहज म्हणाला, "आता तिकडे आराम कर. नोकरी सोडलीस तरी चालेल."

वहिनी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "एवढं वाटतंय तर तू सोड. तिच्या भरवशावर ऑफिसात माणसं असतात."