पाद्र्याचं पुढं काय झालं

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. नागपूरहून शिकागोला इतिहास शिकायला आलो तोही स्वतःच्या मार्कांवर. हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही. विषय घेतला होता सोळाव्या शतकातल्या एका ल्यूथरपंथी पाद्र्याचा. आधी मठात होता, मग मठ सोडून लग्न केलं, लोकांना कळेल अशा भाषेत प्रवचनं द्यायला लागला. पगार म्हणून धान्य आणि सरपण. तेही गाव वेळेवर देत नसे. बायको घरामागे कोबी लावायची, म्हणून निभायचं.

डेव्हन ॲव्हेन्यूजवळच्या खोलीत माझे दोन्ही रूममेट सॉफ्टवेअरवाले.

"पाद्रीबुवा, भात लावा, आज टर्न तुमचा!"

"यार, हा मेलेला जर्मन तुला जॉब देणारे का?"

आईला मात्र तो पहिल्याच फोनवर आवडला. तिनं विचारलं, "आपल्यातला होता का रे?"

"जर्मन होता गं. बाप कातडी कमवायचा."

"मग आपल्यातलाच की!"

रविवारी विहारात वंदना झाली की ती बायकांना त्याची गोष्ट सांगू लागली. त्यानं चर्चमधल्या संतांच्या मूर्ती काढायला लावल्या हे ऐकून, बायकांनी म्हणे आपापल्या घरातले देव काढले त्या दिवसाच्या आठवणी काढल्या. त्या रविवारी स्वयंपाकाला उशीर झाला सगळ्यांच्याच.

वाचत वाचत मी त्याच्या उतारवयापर्यंत आलो. कॅथलिक बादशहा ल्यूथरपंथीयांविरुद्धची लढाई जिंकला होता. हुकूम निघाला: जुने विधी परत सुरू करा, नाही तर गाव सोडा. कितीतरी पाद्री बायकापोरांसकट रस्त्यावर आले. काही वाकले. माझ्या पाद्र्यानं काय केलं, ते शोधायला जुन्या वळणाचं हस्ताक्षर वाचता यायला हवं होतं. ते शिकायला अजून वेळ लागणार होता, आणि माझी स्कॉलरशिप थांबली. रूममेटनं कॉम्प्युटरचा कोर्स सुचवला. मी केला आणि टेक्सासला नोकरीला लागलो. त्या नोकरीवर दोन बहिणी शिकल्या, त्यामुळे चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ऑफिसात कुणी विचारलं, तू आधी काय करत होतास, तर विषय बदलायचो.

आई मात्र दर फोनला विचारायची, "वाकला की गेला?"

"बघतो," मी म्हणायचो. ऑफिसात सॉफ्टवेअरची एक रिलीज असायची, मग दुसरी असायची.

एकदा तिनं विचारलंच नाही. मीच म्हटलं, "काय गं, पाद्री विसरलीस?"

"नाही रे. बायका किती थांबतील? सांगून टाकलं मी. गेला म्हटलं गाव सोडून. भर थंडीत, धाकट्याला खांद्यावर घेऊन." मग म्हणाली, "बरोबर ना?"

"असेल."

"असेल काय? तूच शिकायला गेला होतास ना ते?"