बोटीच्या नाकातली टाकी

१९९६ सालची भाऊबीज. रक्कम रुपये साडेसात हजार. हजर: मी, माझा धाकटा भाऊ आणि आमचे वडील. आईही घरात होती, पण ती फराळाची ताटं घेऊन आत-बाहेर करत होती, म्हणून तिला हजर धरलेलं नाही. रक्कम माझ्याकडून भावाकडे गेली. भाऊबीजेला पैसे सहसा उलट्या दिशेने जातात, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं. त्याने ओवाळणीत एक्कावन्न रुपये टाकले होते. म्हणजे माझ्याकडून निव्वळ गेले सात हजार चारशे एकोणपन्नास.

"कशाला हवेत ते तरी सांग," मी म्हणाले.

"बोट जड करायची आहे."

मी संगमनेरच्या एका दूध डेअरीत हिशेबाला होते. तिथे गाडी हलकी कशी होईल, डिझेल कसं वाचेल, याच्यावर आमच्या मीटिंगा चालत. पैसे देऊन वाहन जड करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि तो आमच्याच घरात निघाला.

भावाने आदल्या वर्षी जीप विकून मुंबईच्या एकाकडून जुनी मोटरबोट आणली होती आणि भंडारदऱ्याच्या जलाशयात पर्यटकांना फेऱ्या मारून आणायचा परवाना काढला होता. ती बोट मुळात फेऱ्यांसाठी केलेलीच नव्हती. तिच्या मध्यावर एक खांब होता. त्याला दोरी बांधायची, दोरीचं दुसरं टोक एखाद्याने हातात धरायचं, पायाखाली फळी बांधायची आणि बोटीमागे पाण्यावर उभं राहून ओढलं जायचं. बोटीमागे जी लाट उठते तिच्यावरून हा माणूस उड्या मारतो. लाट जितकी मोठी तितकी उडी उंच, आणि बोट मागे जितकी जड तितकी लाट मोठी.

हे सगळं भावाला मुंबईच्या एका पाहुण्याने शिकवलं. हा पाहुणा पन्नाशीचा, गोरागोमटा, स्वतःची फळी घेऊन येणारा. त्याच्या सांगण्यावरून भावाने बोटीच्या मागच्या भागात वाळूची दहा पोती टाकली. लाट मोठी झाली. पण बोटीचं नाक इतकं वर गेलं की भावाला समोर फक्त आकाश दिसू लागलं. तो उभा राहून बोट चालवू लागला, तरी एकदा मासेमारीच्या जाळ्यात शिरलाच.

तेव्हा वडील काठावर होते. त्यांनी वीस हंगाम कारखान्याला बैलगाडीने ऊस वाहिला होता. ते म्हणाले, "गाडी उलार झालीया तुजी." मागे ओझं जास्त झालं की बैलगाडीची पुढची बाजू वर उठते आणि बैलांचे गळे आवळतात, त्याला उलार म्हणतात. त्यावर गाडीवान करतो तेच त्यांनी केलं. धोतर सावरून बोटीत चढले आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले. नाक खाली आलं.

त्या दिवसापासून ते रोज सकाळच्या एसटीने भंडारदऱ्याला जाऊ लागले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बैल विकले होते, आणि तेव्हापासून घरात त्यांना कुणी कशाला म्हणून बोलावत नव्हतं. आता त्यांच्यावाचून बोट निघत नव्हती. त्यांनी दोन नवे सदरे शिवले. गावात कुणी विचारलं तर "बोटीवर असतो" एवढंच सांगत.

अडचण दोन प्रकारची होती. एक म्हणजे त्या बाकावर पैसे देणारी दोन गिऱ्हाइकं बसली असती. दुसरी म्हणजे वडील एका लग्नाला राजूरला गेले तर बोट दिवसभर उभी राहिली. पाहुण्याने भावाला स्पष्ट सांगितलं की, नाताळात मी अकरा दिवसांसाठी मंडळी घेऊन येतो, रोजची बोट ठरवून घेतो, पण पुढे कायमची टाकी बसव. धरणातलं पाणीच पंपाने टाकीत भरायचं, काम झालं की सोडून द्यायचं. परदेशात नव्या बोटींना ती येतेच, असं म्हणून त्याने मासिकातला फोटो दाखवला.

टाकी बसली की वडिलांची जागा जाणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. भाऊबीजेच्या दिवशी त्याबद्दल कुणी बोललं नाही. वडिलांनी चकली मोडत एवढंच विचारलं, "पान्यावर पानी वाहून न्यायचं, आन त्याला पैसं?"

मी पैसे दिले, पण एका अटीवर. टाकी किती लिटरची, हे मी ठरवणार. माझं गणित सरळ होतं. वडील बसले की बोट नीट चालते. तर टाकी वडिलांइतकीच हवी, एक किलो कमी नाही की जास्त नाही. म्हणून मी त्यांना डेअरीत बोलावलं आणि दुधाचे कॅन ज्या काट्यावर मोजतो त्यावर उभं केलं. एकशे दोन किलो भरले.

काट्यावरचा माणूस मला म्हणाला, "मॅडम, फॅट पण काढायची का?"

"काढ की," वडील म्हणाले. "पन दर चांगला लावायचा."

पत्रा दहा किलोचा, पाणी ब्याण्णव लिटर, एकूण एकशे दोन. हा आकडा कागदावर लिहून मी भावाला घेऊन वेल्डरकडे गेले. हा वेल्डर दुधाच्या टाक्या करणारा, स्टीलचं काम स्वच्छ. त्याने बोट पाहून यायचं कबूल केलं, आणि पाहिल्यावर म्हणाला, "बाकाखाली जागा नाही, तिथं पेट्रोलची नळी जाते. टाकी अगदी नाकात बसवावी लागेल. नाकाच्या आकाराची त्रिकोणी करून देतो."

"वजन एकशे दोनच ना?" मी विचारलं.

"एकशे दोन म्हणजे एकशे दोन."

माझं समाधान झालं. वडिलांचं झालं नाही. ते त्या दिवशी बोटीच्या टोकावर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "लई फुडं चाललीया टाकी. मी बसतो हितं, टाकी बसंल तिथं. बैलाच्या मानंवर येईल."

"दादा, बोटीला बैल नसतात," भाऊ म्हणाला. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू.

"तुला न्हाई दिसत."

"वजन तेवढंच आहे ना दादा," मी समजावलं. "तुमच्याएवढंच."

"वजन तेवढंच हाय. जागा तेवढीच न्हाई."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जागेचं ते बोलणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. त्यांची जागा जाते आहे, म्हणून टाकीत खोट काढतात, असं आम्ही दोघांनी मनातल्या मनात ठरवलं आणि वेल्डरला काम चालू करायला सांगितलं. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे मी बरीच वर्षं असं भासवलं की मला तेव्हाच शंका आली होती. आली नव्हती.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चाचणी ठरली. पाहुणा मुंबईहून मुद्दाम आला. वडीलही आले, नेहमीच्या एसटीने, नव्यातला एक सदरा घालून. बोटीत आता त्यांचं काम नव्हतं. ते काठावर एका दगडावर बसले आणि छत्री दोन पायांच्या मध्ये उभी धरली. मी भावाच्या मागच्या बाकावर वही घेऊन बसले. पाहुणा थाटात पुढच्या बाकावर, म्हणजे वडिलांच्या जागी, बसला. पंप सुरू झाला, टाकी सात मिनिटांत भरली.

सरळ जाताना बोट ठीक वाटली. थोडी खाली मान घालून चालत होती, पण भाऊ म्हणाला, "बघ ताई, कसं समोर दिसतंय." मग त्याने वळण घेतलं आणि बोट आपल्याच लाटेवर परत आली. नाक लाटेच्या वर चढायच्या ऐवजी सरळ तिच्यात घुसलं. पाणी पुढून आत आलं, पाहुण्याच्या छातीवरून, भावाच्या काचेवरून, माझ्या वहीवर. अंदाजे चाळीस लिटर. नेमकं मोजता आलं नाही.

पाहुण्याने टोपी काढून पिळली आणि परत घातली.

काठावर आल्यावर वडील उठले. मी ऐकायची तयारी ठेवली होती. ते म्हणाले, "आदी च्या घ्या. पावनं गारठलं."

चहा होईपर्यंत मी वेल्डरची विसरलेली टेप घेऊन बोटीत चढले. इंजिन बोटीच्या जवळजवळ मध्यावर होतं, बोटीचा तोल तिथे धरून तिथून मोजलं. वडिलांचं बाक चार फुटांवर. टाकी साडेसहा फुटांवर. पाहुणा पुढे आणि मी मागे, आमचं वजन एकमेकांत फिटलं असं धरलं आणि भिजल्या वहीत गुणाकार केला. एकशे दोन गुणिले चार, चारशे आठ. एकशे दोन गुणिले साडेसहा, सहाशे त्रेसष्ट. टाकी वडिलांएवढीच होती, पण वडिलांच्या दीडपटीहून जास्त दाबत होती. शाळेत तरफ शिकवतात. मला त्यात पैकीच्या पैकी मार्क होते.

मी काठावर येऊन म्हणाले, "दादा बरोबर सांगत होते."

भावाने टाकी अर्धी रिकामी करून पाहिली. अर्ध्या टाकीतलं पाणी इकडून तिकडे धावायला लागलं आणि बोट मान डोलवत चालू लागली. पाहुण्याने घड्याळ पाहिलं. त्याला चारला परत निघायचं होतं, आणि नाशिकजवळ दुसऱ्या धरणावर दुसरी बोट आहे, असं त्याने चहा पिताना सहज सांगितलं होतं.

"मग मागं चार पोती वाढवतो," भाऊ म्हणाला. "पुढचा दाब निघून जाईल."

"वाढव की," वडील म्हणाले, आणि छत्रीच्या टोकाने वाळूत रेघ ओढत राहिले.

इथे मला सांगायला हवं की पोत्यांनी काम झालं असतं. चार पोती वाळू, खर्च शून्य. पुढचा जास्तीचा भार दोनशे पंचावन्न होता. शंभर किलो वाळू अडीच फूट मागे ठेवली की तो जवळपास भागत होता. हे मला वहीत समोर दिसत होतं. मी वही मिटली आणि म्हणाले, "पोती भरायला तासभर जाईल. तोवर दादांना मागे बसव. पाहुण्यांचा वेळ जातोय."

पाहुणा आणि मी आपापल्या जागी बसलो, मग वडील चढले. इंजिनापासून अडीच फूट मागे जे बाक होतं तिथे बसले, तोंड मागच्या बाजूला करून, कारण बाकच तसं होतं. एकशे दोन गुणिले अडीच, दोनशे पंचावन्न. मी ते परत तपासलं. बरोबर दोनशे पंचावन्न.

बोट उठली तशी सपाट उठली. वळणावर नाक लाटेवरून अलगद गेलं. पाहुण्याने मग फळी बांधली, दोरी धरली आणि पाण्यात उतरला. लाट चांगली कमरेएवढी उठली होती. त्याने दोन उड्या मारल्या. तिसऱ्या उडीला तो आडवा पडला. भावाचं लक्ष समोर, इंजिनाचा आवाज मोठा, त्याला काही कळणं शक्यच नव्हतं.

वडिलांनी हाक मारली. वीस हंगाम रात्रीच्या चढावर ज्या आवाजाने ते बैल थांबवत, तो आवाज होता. "हो हो हो, थांब, पावना सांडला."

भावाचा हात आपोआप मागे आला. समोरच्या काठावरची एक म्हैससुद्धा थांबली.

पाहुणा ओल्या अंगाने बोटीत चढला आणि तिथेच बसून हसला. त्याची खरी तक्रार तेव्हा कळली. आधीच्या खेपांना तो पडल्यावर बोट दूर निघून जायची, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत तो थंड पाण्यात कुडकुडत पडायचा. "मागे बघायला माणूस लागतोच," तो म्हणाला. "काका नाताळात रोज आहेत का?"

भाऊ माझ्याकडे पाहू लागला. मी वडिलांकडे.

"असंन," वडील म्हणाले. "पन रोज काय देनार?"

"दादा, घरचंच काम आहे," भाऊ म्हणाला. "पैसे कसले?"

"टाकी पन घरचीच हाय. तिला साडेसात हजार दिलंस. किलोला काय पडलं बाई?"

मी हिशेब केला. "त्र्याहत्तर रुपये त्रेपन्न पैसे."

"मी पन एकशे दोन किलोच हाय. आन टाकीला बोलता येत न्हाई."

भाऊ वीस रुपयांपासून वर चढला. वडील साडेसात हजारांवरून खाली उतरले. पाहुणा टॉवेल गुंडाळून मध्ये बसला होता आणि दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. रोज पन्नास रुपये आणि एसटीचं भाडं वेगळं, यावर दोघांचं जमलं. पोत्यांचा विषय कुणी परत काढला नाही.

पाहुणा ठरल्याप्रमाणे बावीस डिसेंबरला मंडळी घेऊन आला आणि अकरा दिवस राहिला. एक जानेवारीला संध्याकाळी काठावरच हिशेब झाला. टाकीचे पैसे वेल्डरला आधीच दिलेले होते. माझे साडेसात हजार भावाने तेव्हाच परत केले, एक्कावन्न वजा न करता. शेवटची रक्कम रुपये पाचशे पन्नास, अधिक एसटीचे अठ्ठ्याऐंशी, एकूण सहाशे अडतीस, वडिलांना दिली. त्यांनी दोनदा मोजून घेतली.