भिंतीतला उसासा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधे थोडं घाबरायचं आहे आणि शेवटी पुन्हा माझ्यावरच हसायचं आहे. खरं तर मी हे कुणाला सांगणार नव्हते. पण आमच्या शेजारच्या लालवानी आंटींनी हा किस्सा इतक्या जणांना इतक्या प्रकारे सांगितलाय, की त्यात हल्ली मी केस मोकळे सोडून जिना चढते. तेव्हा खरं काय घडलं ते माझ्या तोंडून ऐका. चहा घ्या आधी.

मी मानसशास्त्र शिकवते, उल्हासनगरला, अकरावी-बारावीच्या मुलांना. सकाळचं कॉलेज, दुपारी घरी. गेल्या वर्षी आम्ही अंबरनाथचं कंपनीचं क्वार्टर सोडलं आणि बदलापूरला हेंद्रेपाड्यात दुसऱ्या मजल्यावर जुना फ्लॅट घेतला. आमचे हे कारखान्यात. जन्म मशीनच्या खडखडाटात गेल्यामुळे माझं अर्धं बोलणं त्यांना ऐकू येत नाही, आणि उरलेलं अर्धं ऐकू आलं तरी ते तसंच वागतात.

फ्लॅटचे आधीचे मालक एकटेच राहायचे. म्हातारपणाने वारले, त्यानंतर घर बंदच होतं. मला त्याचं काही नव्हतं. मानसशास्त्रवाल्यांना भूत लागत नाही, आम्ही त्याचीच केस करतो, असं मी सामान लावताना ऐटीत म्हटलं होतं. बोलू नये असं.

राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारचे चार वाजत आलेले. सगळी बिल्डिंग सामसूम, मी पेपर तपासत बसलेली. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतून कुणीतरी उसासा टाकला.

खोल, लांबलेला, म्हाताऱ्या माणसाचा. मग भिंतीच्या आतून टकटक झाली, थांबत थांबत. मग काही नाही.

मी उठून पाहिलं. भिंत होती तशीच होती. ओटा, त्याच्याखाली आधीच्या मालकांनी कधीतरी बंद करून टाकलेला एक गंजका नळ, कोपऱ्यात आमची रिकामी खोकी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच सुमाराला. रविवारी ह्यांना गदागदा हलवून उठवलं, तोवर आवाज थांबला होता. डोळे न उघडता म्हणाले, पंखा असेल, आणि कूस बदलली.

आता दुसरी एखादी बाई अशा वेळी रामरक्षा म्हणते. मी व्याख्या म्हटल्या. भ्रम म्हणजे समोर दोरी आहे आणि तुम्हाला साप दिसतो. विभ्रम म्हणजे दोरीच नाही, तरी साप दिसतो. पहिल्याला दिवा लावला की पुरतं, दुसऱ्याला डॉक्टर लागतो. हा फरक मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेते. पण आपल्याला झालंय ते यातलं कुठलं, हे आतून कसं ओळखायचं, ते पुस्तकात कुठेच दिलेलं नाही.

आणि खरं सांगू? मला भुताची भीती नव्हती. मला मावशीची भीती होती.

आमची मोठी मावशी बोलता बोलता मान तिरकी करायची, "हो, आले" म्हणायची आणि उठून चालायला लागायची. कुणी हाक मारलेली नसायची. पुढे पुढे तिच्या खोलीला बाहेरून कडी असायची. मी आणि माझी धाकटी बहीण नीता त्या कडीकडे बघत मोठ्या झालो. मी हा विषय का घेतला असं कुणी विचारलं तर मी काहीतरी छान उत्तर देते. खरं उत्तर ती कडी आहे. त्या दुपारी मला वाटलं, झालं, आता आपली पाळी.

तेव्हा ठरवलं, साक्षीदार हवा. दुसऱ्या कुणालाही ऐकू आलं तर मी शाबूत. पण आवाज कसला ते आधी सांगायचं नाही. "उसासा ऐकू येतो का?" असं विचारलं की समोरच्याला उसासाच ऐकू येतो, याला सूचन म्हणतात, आणि शास्त्रात ते पाप आहे. म्हणून मी प्रश्न अगदी निर्मळ ठेवला: तुम्हाला काही वेगळं जाणवतं का?

खालच्या मजल्यावर पाटीलकाकू. बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांच्या शेताची, त्यामुळे सगळ्या मजल्यांवर त्यांचा शब्द चालतो. चारच्या सुमाराला मी त्यांच्या दारात जाऊन बसले. काकू सुपात वाल सोलत पुतण्याच्या हळदीची गोष्ट सांगत होत्या. "आन् मंग नवऱ्याची आय काय बोलली म्हायत हाय..."

भिंतीत उसासा झाला. बारीक, पण झाला.

काकूंनी सूप खाली ठेवलं. चेहऱ्यावर काही नाही, नजर समोर. उठल्या आणि आत निघून गेल्या. मी तशीच बसून. बऱ्याच वेळाने परत आल्या, सूप मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "त ती बोलली, माजा पोर उपाशी हाय." वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे. त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"काकू, आत्ता काही ऐकू आलं तुम्हाला?"

"नाय बा."

"मग उठलात कशाला?"

"काम व्हता जरा," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे नीट बघायला लागल्या. "का गो? तुला काय आयकू येतं?"

मी काही सांगितलं नाही. सूचन नको ना! फक्त विचारलं, "तुम्हाला या बिल्डिंगमध्ये काही वेगळं जाणवतं का?" हे विचारताना माझे डोळे कसे झाले होते ते मला दिसत नव्हतं. काकूंना दिसत होते.

समोरच्या फ्लॅटमध्ये लालवानी आंटी. अख्खी हयात उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात, जीन्सच्या कारखान्याच्या वर गेली. आता गुडघ्यांना शांतता हवी म्हणून इकडे आल्या. त्यांनाही तोच प्रश्न विचारला. "मेरे को तो कुछ नहीं लगता, मॅडम," त्या म्हणाल्या. "पन आप ऐसा मत देखो."

मग एका दुपारी मी जिन्यात उभी राहिले. आवाज फक्त माझ्या घरात आहे की सगळीकडे, ते बघायला. उकाड्यामुळे सगळ्यांची दारं उघडी. आंटी मालिका बघत होत्या. खाली काकू. वरच्या मजल्यावर कुणीतरी मुलाला पाढे म्हणायला लावत होतं.

उसासा आला. खालून वर चढत गेला, माझ्या पाठीमागच्या भिंतीतून.

पाढे थांबले. वर खुर्ची सरकली. आंटी टीव्ही तसाच चालू ठेवून उठल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी, आणि आत गेल्या. खाली सूप टेकल्याचा आवाज झाला. सगळ्या मजल्यांवर पावलं वाजली, एकाच दिशेला, आतल्या बाजूला. कुणी कुणाशी एक शब्द बोललं नाही. दारं उघडी, घरं रिकामी, आणि टीव्हीतली सून एकटीच रडत होती.

म्हणजे मी वेडी नव्हते. अख्खी बिल्डिंग कुणाच्यातरी हाकेवर उठत होती आणि ते त्यांना माहीतही नव्हतं. सांगा, यातलं बरं कुठलं?

त्यानंतर जे सुरू झालं ते आवरता आवरेना. काकू म्हणाल्या, त्यांचं मांजर हल्ली जिना चढत नाही. आंटींना दुपारी माझ्या घरातून पावलं ऐकू यायला लागली. वरच्या बाईंना स्वप्नात आधीचे मालक दिसले, तहानलेले. मी हे सगळं एकत्र मांडलं आणि हादरले. तीन बायका, तिघींना वेगवेगळे अनुभव, आणि मी तर कुणाला काही सुचवलं नव्हतं! माझ्या डोळ्यांतूनच सगळ्या घरांत भीती वाटली गेली होती, आणि व्याजासकट माझ्याकडे परत येत होती, हे मला कुठे कळत होतं? आंटींना ऐकू येणारी पावलं तर माझीच होती. मीच घाबरून घरभर फिरत होते.

शेवटी काकूंनी त्यांच्या ओळखीचे भगत बोलावले, पाड्यातलेच. आणि मी, जी वर्गात अंधश्रद्धेवर तासभर बोलते, मी म्हटलं, चालेल, चारच्या आत या, तेव्हा आवाज येतो. कसला ते मात्र सांगितलं नाही. ह्यांना सांगितलं नाही. नीताला सांगायला म्हणून फोन केला आणि भलतंच काहीतरी बोलून ठेवून दिला. मावशीचं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नाही, पण ती लाईनवर होतीच.

भगत आले. पाटावर बसले, लिंबू ठेवलं, नारळ ठेवला, धूप घातला. काकू एका बाजूला, आंटी दुसऱ्या बाजूला. मला सांगण्यात आलं, डोळे मिटा, उघडायचे नाहीत, आवाज आला की बोटाने दाखवा. खोलीत धूर कोंदला. काकूंच्या बांगड्यांचाही आवाज थांबला.

आणि तो आला. त्या दिवशी जास्तच खोल. मग टकटक.

"हाच!" मी भिंतीकडे बोट केलं. "हाच आवाज. ऐकू येतोय ना तुम्हाला? सांगा ना."

उत्तर नाही. श्वासाचासुद्धा आवाज नाही. मी डोळे उघडले.

खोलीत कुणीच नव्हतं. धूर होता, लिंबू होतं, आणि पाट रिकामा होता.

मी किंचाळले. सगळी लाज सोडून किंचाळले आणि अनवाणी जिन्यात धावले. तर मधल्या वळणावर भगत उभे. धोतर वर खोचलेलं, फोन कानाला. फोनमध्ये सांगत होते, "आगो, पानी आला. आदी पिंपा भर, मी येतोच."

पाणी?

खालून काकूंचा आवाज आला, "बाय, तुजा नल सोरलास का?"

कुठला नळ? काकू हंडा तसाच टाकून वर आल्या, ओट्याखाली वाकल्या आणि त्या गंजक्या नळाला दोन हातांनी पिळलं. नळाने उसासा टाकला. खोल, लांबलेला, म्हाताऱ्या माणसाचा. मग भिंतीत पाइप टकटक आपटला, आणि गढूळ, मग स्वच्छ, मग बर्फासारखी गार धार बादलीत पडायला लागली. पिण्याचं पाणी. रोज चारला येणारं, गच्चीवरच्या टाकीत न जाता थेट घरात येणारं. पाण्याच्या आधी पाइपातली हवा बाहेर पडते, तो उसासा. क्वार्टरमध्ये आम्हाला पाणी कायमच असायचं, मला हे कुठून माहीत असणार? आणि इथे प्रत्येकीला वाटलं होतं की नव्या बाईला पाण्याची वेळ दुसरीने सांगितली असेल. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही, यालाही शास्त्रात नाव आहे, आणि तेही मी शिकवते.

"पण काकू," मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, काही ऐकू आलं नाही."

काकूंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "पान्याचा आवाज कुनी आयकतं का गो? पानी भराचा असतं."

दारात आंटी उभ्या होत्या, ओल्या हातांनी. "मॅडम, आप इतने दिन टंकी का पीते थे?" भुतापेक्षा त्यांना याचाच धक्का जास्त बसला होता.

मी तिथेच ओट्याखाली बसले आणि खूप रडले. सुटल्यासारखं वाटलं म्हणून. घंटा, कुत्रा आणि लाळ हे चित्र मी फळ्यावर इतकी वर्षं काढते आहे. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे मला पाठ आहे. इथे आधी घंटा, मग पाणी, आणि घंटेवर उठणारी अख्खी बिल्डिंग समोर, तरी मला भूत दिसलं. भगतांनी दक्षिणा घेतली नाही. नारळ मात्र नेला.

इथे संपलं असतं तर बरं होतं.

गेल्या महिन्यात नीता आली. मी तिला हे सगळं रंगवून सांगितलं, दोघी पोट धरून हसलो, पहिल्यांदाच मावशीबद्दलही मोकळेपणाने बोललो. मी म्हटलं, मला किती भीती वाटली होती ना, की मीही तशीच होणार. ती काहीतरी सांगायला लागली, मी ऐकत होते, मग जरा आत जाऊन आले आणि पुन्हा बसले. म्हटलं, हं, बोल पुढे.

नीता मागे सरकून बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, तू आत्ता मान तिरकी केलीस," ती म्हणाली. "हो, आले, असं म्हणालीस, आणि उठून गेलीस."

"छे, काहीतरीच. कधी?"

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत ओले होते. मग ती जवळ सरकली आणि अगदी हळू, अगदी निर्मळपणे विचारलं, "ताई, तुला काही वेगळं जाणवतं का?"