वरची एक

गव्हाणची मालू पनवेलच्या मासळी बाजारात बसायची. सहा बोंबील मोजून झाले की सातवा ती न मागता टाकायची. नुसतं मोजून दिलं आणि वर काही घातलं नाही, तर तिच्या लेखी तो धंदा नव्हे, पाप.

अशा बाईच्या नशिबी अर्धशिशी यावी आणि तिच्या गोळ्या मात्र मोजून मिळाव्यात! मुलगा मिथुन बंदरात कामाला. त्याच्या कंपनीच्या विम्यातून आईलाही औषध मिळे, पण महिन्याला सहाच गोळ्या. बाहेरचे दुकानदार ती गोळी ठेवतच नसत. सातव्यांदा डोकं उठलं की मालू पदर आवळून अंधारात पडून राही. जरा आवाज झाला तरी ओकारी.

२०१२च्या मे महिन्यात लेकीची, रियाची हळद तीस तारखेला धरली. मालूला एकच घोर लागला. लेकीला पहिली हळद आपल्या हातची लागायला हवी होती, आणि मिथुनने तर रोडपालीचा डीजे ठरवलेला. पाच गोळ्या संपल्या होत्या. सहावी राखून तिने विम्याच्या औषधांची खिडकी गाठली. खिडकीत कीर्ती बसायची, दर रविवारी मालूकडूनच बोंबील नेणारी.

"कीर्ते, वरची एक घाल गो. पोरीची हलद हाय."

"मावशी, सहाच्या वर कॉम्प्युटर घेतच नाही. एक तारखेला या."

"एक तारखेला पोर सासरी असंल!"

कीर्तीने बिचारीने अर्ज पाठवला. तो तीन दिवसांत नामंजूर होऊन आला.

मालूचा पारा चढला. रविवारी कीर्तीला आपण सहाच बोंबील देणार, असं तिने बाजारात शेजारी बसणाऱ्या भामाला ठणकावून सांगितलं. रविवारी सहा मोजले, आणि मेला हात सातवा टाकून मोकळा! भामा पोट धरून हसली. मालूने स्वतःच्याच हाताला शिवी घातली.

एकोणतीसला डीजेवाल्याने अंगणात भोंगे लावून आवाज तपासला. कर्नाळ्याचे पक्षीसुद्धा उडाले असतील. संध्याकाळपर्यंत मालूचं डोकं उठलं आणि राखलेली सहावी गोळी पोटात गेली.

तीसला रिया पाटावर बसली, भोंगे सुरू झाले, आणि तिसऱ्या गाण्याला मालू मांडवाचा खांब धरून खाली बसली. तिला उठवेना. जावेने हळदीची वाटी उचलली. ते बघून रिया पाटावरून ओरडली, "दादा, डीजे बंद कर!"

"अगो, गाव काय म्हनंल?"

"गाव जेवून जाईल. आयेच्या हातची नसंल तर मना हलद नको!"

डीजे बंद झाला. पोरांची तोंडं उतरली. कोपऱ्यात जनी धवलारीण बसली होती. लग्नात धवले गाण्याचा मान तिचा, पण गेली पाच वर्षं ती डीजेपुढे नुसते ओठ हलवून मानाची साडी घेऊन जायची. तिने हलक्या आवाजात धवला धरला. तेवढा मालूला सोसला.

डोकं ठणकतच होतं. दोघींच्या आधाराने ती पाटापाशी आली आणि डोळ्यांवर पदर ओढून चाचपतच तिने लेकीचा गाल शोधला. आंब्याच्या पानाने पाच वेळा हळद लावायची रीत. पाच झाल्या. जावेने वाटी घ्यायला हात पुढे केला, पण मालू सोडेना. पान टाकून तिने बोटंच वाटीत बुडवली आणि रियाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवली.

"ही वरची," ती म्हणाली.