दार वाजलं की प्रकरण संपलं

"मॅडम, बाकी कुठंबी कात्री लावा. फकस्त चॅप्टरच्या शेवटाला हात लावू नका."

किशोरने शिरूरहून फोनवर मला हे बजावलं, तेव्हा मी दौंडला घरी त्याच्या कादंबरीचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते आणि नेमकी त्या शेवटांनीच वैतागले होते. मी संपादक. म्हणजे लेखकाने लिहिलेलं छापायला जाण्याआधी वाचायचं, गाळायचं, जोडायचं आणि वर त्याची बोलणीही खायची. आयुष्यभर पुण्यात प्रकाशकाकडे नोकरी केली. आता रिटायर होऊन घरबसल्या तेच करते.

कादंबरी चांगली होती. उगीच नाही म्हणत, खरंच चांगली होती. नवरा गेल्यावर सुमन नावाची बाई रांजणगावला कंपनीत कामाला लागते, तिची गोष्ट. पण प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी काहीतरी आदळायचंच. दार वाजलं, प्रकरण संपलं. फोन वाजला, प्रकरण संपलं. एकदा तर कुत्रं भुंकलं आणि प्रकरण संपलं. पुढचं पान उलटून बघावं, तर दारात दूधवाला!

"अहो, दूधवाल्यासाठी एवढा जीव टांगणीला कशाला लावलात?" मी विचारलं.

तो हसला आणि मग खरी भानगड कळली. किशोर कंपनीच्या बसने शिरूरहून रांजणगावला कामाला जातो. कादंबरी त्याने मोबाईलवर लिहिली आणि रोज बसच्या मागच्या सीटवर बसून सगळ्यांना वाचून दाखवली. कंपनीचं गेट दिसलं की थांबायचं. आणि थांबायचं ते असं, की उद्या लोकांनी कानात हेडफोन न घालता पुन्हा मागे येऊन बसलं पाहिजे.

"ड्रायव्हरबी म्हणायचा, आरं पुढं काय झालं तेवढं सांगून उतर की," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला आनंद ऐकून मला पुढचं बोलवेना.

पण बोलावं तर लागणारच होतं. बसमधला माणूस रोज थोडं थोडं ऐकतो. पुस्तक घेतलेला माणूस सलग वाचतो. त्याला सारखं दचकवलं की तो दचकायचा थांबतो आणि चिडायला लागतो. प्रकरण तोडायचं ते त्याला जरा श्वास घेता यावा म्हणून. हे सगळं मी किशोरला समजावलं. कुरकुरत का होईना, दूधवाला आणि कुत्रं त्याने सोडलं.

एक जागा मात्र सोडेना. कादंबरीच्या मधोमध सुमन प्रेस शॉपमध्ये काम करत असते, म्हणजे पत्रा दाबून त्याचे पार्ट काढतात त्या खात्यात. प्रकरणाचं शेवटचं वाक्य, 'प्रेस खाली आली.' पुढचं प्रकरण उघडतं ते काही महिन्यांनी. सुमनच्या हाताची दोन बोटं गेलेली आहेत आणि ती नवी नोकरी शोधते आहे.

"त्या दिवशी बसमधून कुणी उतरंना, मॅडम. ह्यो शेवट कसा काढू?"

"पण तुम्हाला हे सुचलं कसं?"

तो म्हणाला, "आमची ताई हाय ती. रेखाताई."

"त्यांनी वाचलंय?"

"न्हाई. छापल्यावर देनार. सरप्राईज."

माझं डोकंच फिरलं. "अख्ख्या बसने ऐकलं, आणि जिचं आहे तिला सरप्राईज? आधी त्यांना वाचायला द्या. मीही येते."

"आन् ताई नको म्हनली तर?"

"तर नाही छापायचं."

"व्हय," तो म्हणाला. "ती नको म्हनली तर माझ्याच्यानंबी व्हायचं न्हाई ते."

रविवारी एसटीने शिरूरला गेले. रेखाताई आता दुसऱ्या कंपनीत स्टोअरला आहेत. "जय भीम मॅडम, या," म्हणत त्यांनी चहा टाकला. मग ते प्रकरण घेऊन ओट्याला टेकून उभ्यानेच वाचलं. किशोर निकाल लागायचा असल्यासारखा खाली बघत बसला होता. शेवटचं पान वाचून त्यांनी ते उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

"येवढंच?"

"पुढचं पुढल्या चॅप्टरला हाय, ताई. बसमंदी वाचून दाखवलं तवाबी हितंच थांबलो व्हतो."

"म्हंजी माझी बोटं तितं पडली, आन् तू हजेरी लावाया उतरून गेलास व्हय रं?" आवाज चढला नव्हता. "लोकं दिसभर वाट बघत बसली, बाईचं काय झालं म्हनून. लई मजा आली असंल. आन् मी कुठं व्हते तवर?"

संपलं पुस्तक, असं मला वाटलं. वाईट वाटलं. त्या पोराने खरंच जीव ओतला होता.

पण प्रश्न तर त्यांनीच विचारला होता. मी तोच परत विचारला. "कुठे होतात, ताई?"

त्या सांगायला लागल्या. दवाखान्यात नेताना गाडीत आपण काय बोललो, तर माझा डबा मशीनपाशी राहिलाय, तेवढा आणा. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पोरीची शाळा होती. वेणी घालायची होती. एका हाताने पेडच धरता येईनात. शेवटी पोरीनेच रिबिनीचं एक टोक दातात धरलं आणि यांनी गाठ मारली.

"ती दप्तर घिऊन गेली. मंग मी भित्तीला टेकले. तवा कुठं रडू आलं," त्या म्हणाल्या. "आरं, थांबायचंच हाय तर तितं थांब की."

किशोर तोंड झाकून ढसाढसा रडला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं. मी पेन काढलं, 'प्रेस खाली आली'खालची प्रकरण तोडल्याची रेघ खोडली आणि समासात लिहिलं, 'पुढे चालू ठेवा. भिंतीपर्यंत.'

पुस्तक निघालं. तेव्हापासून नव्या लेखकांना मी एवढंच सांगते, वाचक कुठे दचकेल ते नंतर बघा, आधी तुमचं माणूस कुठे टेकतं ते बघा. ऐकतात थोडे.

किशोरने आता दुसरी कादंबरी लिहायला घेतली आहे. प्रत्येक प्रकरण मला पाठवायच्या आधी ताईंना देतो. परवा रेखाताईंचाच फोन आला.

"मॅडम, परत दार वाजलंय शेवटी."

"मग? काय म्हणालात त्याला?"

"म्हनलं, पयलं दार उघड. कोन आलंय त्याला बसाया सांग, पानी दे. मंग संपव तुझा चॅप्टर."